परदेशी सीएनसी घेताना आधी कंट्रोलर ठरवा, मग मशीन

तैवानच्या एखाद्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं, कोटेशन उघडून बघा. टेबल केवढं, एक्स-वाय-झेडचा ट्रॅव्हल किती, स्पिंडलचे आरपीएम, चेंजरमध्ये टूल किती, रॅपिड (न कापता धावायचा वेग) किती मीटर, मशीनचं वजन किती टन, सगळं रकान्यांत नीट मांडलेलं असतं. मध्येच कुठेतरी कंट्रोलरची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाची, एक ओळ येते. फॅनुक झिरो-आय-एमएफ, पर्याय मित्सुबिशी एम८०, पर्याय सीमेन्स ८२८डी, पर्याय सिंटेक, आणि समोर किमतीतला फरक.

शिरोली एमआयडीसीतला माझा एक फाउंड्रीवाला मित्र असंच कोटेशन घेऊन भोसरीला आला होता. स्वतःची कास्टिंग बाहेर मशीनिंगला देण्यापेक्षा घरातच करायची म्हणून पहिलीच व्हीएमसी घेत होता. मशीनच्या सरकत्या भागांना बॉक्स वे की एलएम गाइड यावर आम्ही तासभर बोललो. कंट्रोलरच्या ओळीवर बोट आलं तेव्हा तो म्हणाला, "ह्यातलं स्वस्त पडंल ते घेतो की. शेवटी जी-कोडच चालवायचाय न्हवं?"

जी-कोड म्हणजे मशीनला हुकूम द्यायची भाषा. हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे. त्या दिवशी सांगितलं त्यापेक्षा थोडं सविस्तर.

पडद्यामागे काय असतं

आपण ज्याला कंट्रोलर म्हणतो तो स्क्रीन आणि बटणं हा त्याचा फक्त चेहरा आहे. खरं काम मागच्या पॅनलमध्ये चालतं. तुम्ही लिहिलं की सरळ रेषेत एक्स १००, वाय ५० ला जा, फीड ५००. कंट्रोलर त्या रेषेचे हजारो बारीक टप्पे करतो आणि प्रत्येक क्षणी एक्सच्या मोटरने कुठे असावं, वायच्या मोटरने कुठे असावं हे ठरवतो. मोटरच्या मागे बसलेला एन्कोडर ती खरोखर कुठे पोचली ते परत कळवतो. फरक दिसला की ड्राइव्हमधला, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या पेटीतला, करंट कमी-जास्त होतो. सर्व्होचं हे काम सेकंदाला हजारो वेळा चालू असतं. नांगराला जुंपलेल्या जोडीतला एक बैल मागे राहिला की तास वाकडा जातो, तसंच इथे आहे. एक्स आणि वाय एकमेकांच्या प्रमाणात चालले नाहीत तर रेषा रेषा राहत नाही आणि गोल गोल राहत नाही.

म्हणून कंट्रोलर निवडता तेव्हा स्क्रीनसोबत त्याच घरातले सर्व्हो ड्राइव्ह, मोटर, एन्कोडर आणि बहुतेक वेळा स्पिंडल मोटरसुद्धा निवडली जाते. फॅनुकचा कंट्रोल आपल्या ड्राइव्हशी ऑप्टिकल फायबरने बोलतो, सीमेन्स स्वतःच्या ड्राइव्ह-क्लिक केबलने. यातली एकच वस्तू काढून दुसऱ्या कंपनीची बसवता येत नाही. मशीनचा बेड घासला तर स्क्रेपिंग करता येतं, स्पिंडलचे बेअरिंग बदलता येतात, बॉलस्क्रू नवा येतो. कंट्रोलर बदलायचा म्हणजे पॅनल रिकामं करून मोटर, केबल, ड्राइव्ह सगळं नव्याने घालायचं. त्याला रेट्रोफिट म्हणतात, आणि लहान शेडमधला मालक सहसा त्या वाटेला जात नाही. पंधरा वर्षं तो आहे त्याच कंट्रोलरशी संसार करतो.

पॅनलमध्ये आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे खरेदीच्या वेळी कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम. टूल चेंजरचा आर्म कधी फिरायचा, कूलंट कधी सुरू व्हायचं, दार उघडं असेल तर स्पिंडल फिरू द्यायचा की नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. कंट्रोलर जपानचा असला तरी लॅडर लिहिते ती मशीन बनवणारी कंपनी, तैवानच्या तैचुंगमधली किंवा चीनमधली. म्हणजे एका मशीनमध्ये दोन घरांचं डोकं असतं. पुढे सर्व्हिसचा विषय निघेल तेव्हा ही गोष्ट फार महागाची ठरते.

लोखंड एकाचं आणि मेंदू दुसऱ्याचा, ही या धंद्याची जुनी रीत आहे. १९८७ साली जगभर गाजलेलं तोशिबा मशीन प्रकरण आठवा. सोव्हिएत संघाला पाणबुड्यांचे प्रोपेलर मिल करणारी मोठी मशीन विकली म्हणून अमेरिका जपानवर खवळली होती. मशीन तोशिबाची होती, पण त्यांचे कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीने पुरवलेले होते, आणि ती कंपनीही तितकीच गोत्यात आली. कंट्रोलरशिवाय ते लोखंड प्रोपेलर कापू शकलं नसतं, हे त्या सरकारांना पक्कं माहीत होतं. या प्रकरणाचा एक धागा आजही आपल्यापर्यंत येतो, तो जुन्या जपानी मशीनच्या वेळी सांगतो.

तुमचा जॉब काय मागतो

मित्राचा जॉब होता पंपाच्या बॉडी आणि कव्हर. फेस मारायचा, बोअर करायचा, पीसीडीवर (गोलाकार मांडणीत) ड्रिल, टॅपिंग म्हणजे भोकात आटे पाडणं. प्रोग्राम दोनशे-तीनशे ओळींचा, तोही बराचसा ड्रिलिंग सायकलचा. असल्या कामात कंट्रोलरच्या वेगाची फारशी परीक्षा होत नाही. तिथे सायकल टाइम टूल चेंज, रॅपिड आणि टॅपिंगमध्ये जातो.

डाय-मोल्डचं, म्हणजे साचे बनवायचं, काम अगदी वेगळं. तिथे कॅम सॉफ्टवेअर (डिझाइनवरून मशीनचा प्रोग्राम बनवणारं) वळणदार पृष्ठभागाचे बारीक सरळ तुकडे करून देतं. धरा, एक तुकडा ०.१ मिमीचा आहे आणि तुम्हाला ६००० मिमी प्रति मिनिट फीडने फिनिशिंग करायचंय. ६००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १०० मिमी, म्हणजे सेकंदाला १००० ओळी. एक ओळ वाचायला, समजायला आणि मोटरकडे पाठवायला कंट्रोलरला फक्त एक मिलिसेकंद मिळतो. तेवढ्यात त्याला पुढच्या ओळींकडेही बघावं लागतं, कारण पुढे कोपरा असेल तर ब्रेक आत्ताच लावायला हवा. यालाच लुक-अहेड म्हणतात. रात्रीच्या घाटात ज्या गाडीचा हेडलाइट लांब पडतो तिचा ड्रायव्हर वेग ठेवू शकतो. ज्याचा उजेड दहा फुटांवर संपतो त्याला प्रत्येक वळणावर दबकत जावं लागतं. लुक-अहेड कमी असलेल्या कंट्रोलरवर तुम्ही ६००० चा फीड टाका, मशीन थरथरत दीड-दोन हजारानेच चालेल आणि मोल्डवर त्या थरथरीच्या रेघा उमटतील. नंतर पॉलिशिंगवाला त्या हाताने काढत बसेल.

डेटा पोचवायचं गणितही बघून ठेवा. जुन्या मशीनवर अजून आरएस-२३२ केबलने ड्रिप फीड करतात, म्हणजे प्रोग्राम थोडाथोडा पाठवत राहतात. ९६०० बॉडच्या वेगाला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. एक्स, वाय, झेड असलेली एक ओळ चोवीस अक्षरांची धरली तर सेकंदाला चाळीस ओळी. ०.१ मिमीच्या तुकड्यांनी हे सेकंदाला ४ मिमी झालं, म्हणजे २४० मिमी प्रति मिनिट. मशीन कितीही वेगवान असो, केबलच त्याला उपाशी ठेवते. म्हणून मोल्डचं काम असेल तर कार्ड किंवा यूएसबीवरून थेट प्रोग्राम चालतो का, इथरनेट आहे का, डेटा सर्व्हर मिळतो का, हे आधी विचारा.

मेमरी पुष्कळदा मीटरमध्ये लिहिलेली दिसेल. १२८० मीटर वाचून नवा माणूस गोंधळतो. पूर्वी प्रोग्राम कागदी टेपवर भोकं पाडून यायचे, एका इंचात दहा अक्षरं. त्या हिशोबाने ६४० मीटर म्हणजे सुमारे २५६ केबी आणि १२८० मीटर म्हणजे ५१२ केबी. टेप केव्हाच गेली, माप राहिलं. पंप बॉडीच्या शंभर प्रोग्रामना ५१२ केबी भरपूर झाली. मोल्डच्या पन्नास हजार ओळींच्या एकाच प्रोग्रामला ती पुरत नाही.

मशीन बघायला जाल तेव्हा एक गोष्ट नक्की करून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा लावायला सांगा आणि बाहेरून एक मोठा गोल फिनिश मारून घ्या. मग त्या गोलावरून नख फिरवा. जिथे एक्सची किंवा वायची दिशा उलटते अशा चार जागा असतात, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊ वाजण्याच्या. तिथे नखाला बारीक पायरी लागली, तर बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारी ढिलाई) किंवा घर्षण सांभाळायला सर्व्हो नीट ट्यून केलेला नाही असं समजा. चांगला कंट्रोलर हे बऱ्याच अंशी निस्तरू शकतो, पण ट्यूनिंग करायला बसणारा माणूस लागतो. बॉलबार टेस्टचा (मशीनचा गोल किती खरा ते मोजणाऱ्या) कागद मिळाला तर उत्तमच. तरी हे नख कागदाच्या आधी कामाला येतं.

तुमचा माणूस कोणता कंट्रोल चालवतो

जी-कोड सगळीकडे सारखाच, हे अर्धं खरं. वरवर ओळी सारख्या दिसतात आणि घात बारकाव्यात होतो.

माझ्याच शेडमधली गोष्ट. मुलगा हुशार होता, आधीच्या कंपनीत चार वर्षं सीमेन्सवर काम केलेलं. आमच्या फॅनुकवर त्याने हाताने छोटा प्रोग्राम लिहिला. पॉकेट संपल्यावर टूल वर उचलायचं म्हणून लिहिलं झेड ५०, आणि पुढच्या ओळीत रॅपिडने एक्स २००. सीमेन्सवर झेड ५० म्हणजे पन्नास मिलिमीटर. फॅनुकवर, नेहमीचं सेटिंग असेल तर, दशांश चिन्ह नसलेले ५० म्हणजे पन्नास मायक्रॉन, ०.०५ मिमी. टूल जॉबपासून कागदाच्या जाडीएवढंच वर उठलं आणि रॅपिडने थेट क्लॅम्पवर गेलं. कार्बाइडचा एंडमिल फुटला, क्लॅम्प वाकला, स्पिंडलला रनआउट (फिरताना डगमग) आला. मुलाची चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही. दोन भाषा शेजारी ठेवून मीच त्याला हा फरक सांगितला नव्हता. फॅनुकमध्ये हे पॅरामीटरने बदलता येतं, पण एका शेडमध्ये दोन मशीनवर दोन रीती ठेवणं त्याहून धोक्याचं.

सीमेन्सवर ड्रिलिंग, टॅपिंगच्या सायकल वेगळ्या नावांनी आणि कंसातल्या आकड्यांनी येतात. त्यात फॅनुकसारखा आयएसओ प्रकार चालवायची सोय आहे, तरी रोजचं काम सीमेन्सच्याच रीतीने चांगलं होतं. जर्मनीच्या हायडनहाइनवर तर वाक्यंच निराळी. टूल बोलवायचं तर टूल कॉल लिहायचं, सरळ जायचं तर एल. टूलरूममध्ये एकेक नग बनवणाऱ्याला ती रीत फार आवडते, कारण मशीनसमोर उभं राहून ड्रॉइंगवरून थेट प्रोग्राम लिहिता येतो. सीमेन्सचं शॉपमिल, फॅनुकचं मॅन्युअल गाइड, माझाकचं माझाट्रॉल हीसुद्धा अशीच मशीनवर बसून काम करायची साधनं. मित्सुबिशी, तैवानचा सिंटेक आणि चीनचा जीएसके यांचा जी-कोड फॅनुकच्या बराच जवळ जातो, त्यामुळे फॅनुकवर शिकलेला माणूस तिथे आठवड्याभरात रुळतो.

म्हणून आधी आजूबाजूला बघा. तुमच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर उभे असणारे सेटर कोणता कंट्रोल चालवतात? जवळच्या आयटीआयमध्ये, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्थेतून बाहेर पडणारी मुलं कशावर हात बसवून येतात? तुमचा सेटर दिवाळीनंतर गावाहून परत आलाच नाही, तर त्याच्या जागी दुसरा किती दिवसांत मिळेल? पुणे-चाकण पट्ट्यात फॅनुक आणि सीमेन्सवाला मिळतो. एखादा वेगळा कंट्रोल घेतलात तर माणूस तुम्हालाच घडवावा लागेल, आणि घडवलेला माणूस टिकवावाही लागेल.

शेडमध्ये आधीच दोन फॅनुक असतील तर तिसरं मशीन सबळ कारणाशिवाय वेगळ्या कंट्रोलचं घेऊ नका. कॅमचा पोस्ट प्रोसेसर (प्रोग्राम त्या कंट्रोलच्या बोलीत उतरवणारा), ऑफसेट (टूल-जॉबच्या मापांचे आकडे) भरायची सवय, अलार्म आला की काय करायचं ही हाताला लागलेली रीत, स्टोअरमध्ये ठेवलेलं स्पेअर, हे सगळं एकाच घरातलं राहिलं की रात्रपाळीचा माणूस तिन्ही मशीन सांभाळू शकतो.

ऑप्शन नावाचं कुलूप

कंट्रोलरमध्ये क्षमता असते, पण ती तुम्ही विकत घेतली असेल तरच उघडते. कार्ड तेच, स्क्रीन तीच, आत मात्र काही गोष्टी कुलपात. रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेड एकमेकांशी बांधून आटे पाडणं), हेलिकल इंटरपोलेशन (स्क्रूसारखं वळत उतरणं), कस्टम मॅक्रो (आकडे बदलून वापरायचा प्रोग्राम), लुक-अहेड वाढवणारं कंटूर कंट्रोल, जॉब फिरवणारा चौथा अ‍ॅक्सिस, वाढीव मेमरी यांतलं काय तुमच्या पॅकेजमध्ये आहे ते मॉडेलच्या नावावरून कळत नाही. दोन शेजारी-शेजारी मशीनवर एकच नाव लिहिलेलं असतं, एकावर थ्रेड मिलिंग होतं आणि दुसऱ्यावर अलार्म येतो.

मशीनबरोबर मागितलेला ऑप्शन तुलनेने स्वस्तात मिळतो. दोन वर्षांनी मागितला तर वेगळं कोटेशन, वेगळी वाट पाहणं. म्हणून पुढच्या पाच वर्षांत काय करायचं आहे ते आत्ताच मांडा. प्रोब (जॉबला टेकून माप घेणारं साधन) लावायचा विचार असेल तर मॅक्रो आणि स्किप सिग्नल (टेकताच थांबायची खूण) लागतो, कारण प्रोबिंगच्या सायकल मॅक्रोतच लिहिलेल्या असतात. एकाच घराण्यातले पन्नास फ्लॅन्ज करायचे असतील तर मॅक्रोवर एकच प्रोग्राम लिहून फक्त आकडे बदलता येतात. आमच्याकडे मॅक्रोने वाचवलेला वेळ बघून मी तो ऑप्शन कुणालाही सोडू देत नाही.

"फोर्थ अ‍ॅक्सिस रेडी" हे शब्द मात्र तपासून घ्या. कुणासाठी त्याचा अर्थ फक्त पॅनलमध्ये जागा ठेवलीय एवढाच असतो. कुणी केबल टाकून देतो, पण ड्राइव्ह म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर देत नाही. कुणी अ‍ॅम्प्लिफायर देतो, पण लॅडरमध्ये क्लॅम्प-अनक्लॅम्पचं लॉजिक नसतं. कंट्रोलमधला ऑप्शन, अ‍ॅम्प्लिफायर, केबल आणि कनेक्टर, लॅडर, या चारही गोष्टी नावानिशी परचेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

पाच अ‍ॅक्सिसचा विचार असेल तर निवड इथेच बदलते. फॅनुकची झिरो-आय मालिका एका वेळी चार अ‍ॅक्सिस एकत्र चालवते. पाचवा फिरवून लॉक करायचा आणि मग कापायचं, एवढं तिच्यावर होऊ शकतं. पाचही अ‍ॅक्सिस एकदम फिरवत इम्पेलरसारखं (पंपातल्या पात्यांच्या चाकासारखं) काम करायचं असेल तर ३१आय-बी५ किंवा त्या तोडीचा सीमेन्स, हायडनहाइन लागतो. तिथे टूलचं टोक जॉबवर धरून ठेवत टेबल आणि हेड फिरवायचं गणित कंट्रोलर स्वतः करतो. हे गणित नंतर पैसे भरून झिरो-आयमध्ये आणता येत नाही.

मशीन बंद पडल्यावर कोण येतं

आमच्याकडे एका आयात केलेल्या मशीनचा टूल चेंजर अर्ध्यात अडकला होता. आर्म नव्वद अंशांत फिरून थांबलेला, एका हातात टूल, दुसरा हात स्पिंडलखाली. स्क्रीनवर ईएक्सने सुरू होणारा चार आकडी अलार्म, आणि त्यापुढचा मजकूर चिनी लिपीत. कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आला. मन लावून त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं, "सर, कंट्रोल ठीक आहे, ड्राइव्ह ठीक आहे. लॅडर कुठल्यातरी सिग्नलची वाट बघतंय. तो सिग्नल कशाचा आहे ते मशीनवाल्याला विचारा." मशीनवाल्यांचा इथला एजंट तोवर दुसरी लाइन विकू लागला होता. लॅडरला पासवर्ड होता, इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवर अर्ध्या गोष्टी चिनी भाषेत होत्या. तीन दिवसांनी आमच्याच इलेक्ट्रिशियनने आर्मखालच्या प्रॉक्झिमिटी स्विचची वायर हातात धरून बघितली. चिप्समध्ये दबून ती आतून तुटली होती. तीनशे रुपयांची वायर असेल. त्या तीन दिवसांत पार्टीने जॉब दुसरीकडे हलवला.

तेव्हापासून मी दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो. कंट्रोलरचा इंजिनिअर किती तासांत येईल? आणि लॅडर समजणारा माणूस भारतात कुणाकडे, कोणत्या शहरात आहे? फॅनुकवर १००० ते १९९९ चे ईएक्स अलार्म आणि २००० पासूनचे ऑपरेटर मेसेज हे मशीनवाल्याने लॅडरमधून दिलेले असतात. ते सगळे इंग्रजीत करून, त्यांची यादी आणि प्रत्येकाचं कारण लिहून मागा. कंट्रोलच्या स्क्रीनची भाषा बदलणं सोपं आहे, नव्या फॅनुकवर ३२८१ नंबरच्या पॅरामीटरने ती बदलते. हे मेसेज मात्र तेवढ्याने बदलत नाहीत.

स्पेअरचं म्हणाल तर नवं कार्ड विमानाने येईल, कस्टममधून सुटेल, तेव्हा मशीन चालेल. तोवर कुणी एक्सचेंजमध्ये कार्ड देतं का, जवळपास ड्राइव्ह दुरुस्त करणारा आहे का, हे बघा. फॅनुकचा एक मोठा गुण इथे मानायला हवा. ग्राहक वापरतो आहे तोवर जुन्या कंट्रोललाही सर्व्हिस द्यायची, असं त्यांचं जाहीर धोरण आहे. आपल्याकडे वीस वर्षं जुनी मशीनसुद्धा रोज दोन पाळ्या चालवतात, तेव्हा या धोरणाचं मोल कळतं.

आता बॅटरी. हा भाग छोटा वाटतो, पण ज्याचं नुकसान झालंय त्याला विचारा. पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्राम एसरॅम नावाच्या मेमरीत बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरला (वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणाऱ्या) वेगळी बॅटरी असते, जुन्या मशीनवर टॉर्चमध्ये घालतात तसे मोठे सेल. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत बीएटी ही तीन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली की त्याच आठवड्यात बॅटरी बदला. एन्कोडरची बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची, बंद करून बदललीत तर होम पोझिशन हरवते, ३०० चा अलार्म येतो आणि रेफरन्स पुन्हा बसवावा लागतो. मशीन लागल्याच्या दिवशीच पॅरामीटर, लॅडर, बॉलस्क्रूच्या पिच एररचे आकडे, मॅक्रो असा सगळा बॅकअप कार्डावर घ्या. एक प्रत शेडमध्ये आणि एक घरी ठेवा. पॅनलच्या दाराला चिकटवलेली एकच प्रत पुरेशी नाही.

स्वस्त कंट्रोलर आणि जुनी मशीन

सिंटेक, जीएसके यांना नावं ठेवण्यात मला रस नाही. ठरलेला एकच जॉब, ड्रिल-टॅप, तोच सायकल हजारो वेळा चालवायचा, तिथे ती चालतात, आणि वाचलेल्या पैशात चांगलं फिक्स्चर येतं. मला खटकते ती अर्धवट निवड. कंट्रोल एका कंपनीचा, सर्व्हो दुसऱ्याचा, स्पिंडल ड्राइव्ह तिसऱ्याचा, आणि अलार्म आला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. असा संच घेणार असाल तर सर्व्हो पल्सवर (सुट्या ठोक्यांनी) चालतो की बसवर (डिजिटल केबलने दोन्हीकडून बोलत), अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर आहे का, हे विचारा आणि एक सर्व्हो ड्राइव्ह व एक मोटर मशीनबरोबरच जादा मागवून ठेवा.

लाकडाचे राउटर आणि फायबर लेझर यांचं विश्व निराळं आहे. चीनमधल्या जिनानहून येणाऱ्या राउटरवर हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर किंवा शांघायच्या वाइहोंगचं एनसीस्टुडिओ असतं, लेझरवर बहुधा सायपकट हे कंट्रोल सॉफ्टवेअर. तिथे फॅनुक शोधत बसू नका. फक्त मोटर स्टेपर आहे की सर्व्हो ते बघा. स्टेपर चुकला तरी कंट्रोलरला ते कळत नाही, तो पुढे कापत राहतो.

जुन्या जपानी मशीनचा मोह मला समजतो. लोखंड सुंदर असतं. पण तोशिबा प्रकरणानंतर जपानने निर्यातीचे नियम कडक केले, आणि तिथल्या काही कंपन्यांच्या मशीनमध्ये जागा बदलल्याचं ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. मशीन हलवलं की ते स्वतःला लॉक करतं आणि मूळ कंपनीने कोड दिल्याशिवाय सुरू होत नाही. न्हावा-शेवाला कंटेनर उतरवून, ट्रेलरने शेडमध्ये आणून, लेव्हलिंग करून झाल्यावर हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत. पैसे देण्याआधी असं यंत्र आहे का आणि असेल तर अनलॉक कोण करून देणार, हे लिहून घ्या. माझाक आणि ओकुमा यांचे कंट्रोल त्यांच्या स्वतःच्या नावाचे असतात, सर्व्हिसही मुख्यतः त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. आणि जपानमधली मशीन २०० व्होल्टची असतात, आपल्या ४१५ व्होल्टवर ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याचा खर्च आणि चांगल्या अर्थिंगचा खर्च मशीनच्या किमतीत आधीच धरा.

मित्राने शेवटी फॅनुक झिरो-आय-एमएफ घेतला. मशीन तेच, तैवानचंच. पंप बॉडीला मित्सुबिशीही तितकाच चालला असता, हे मी त्याला सांगितलं होतं. पण शिरोलीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये फॅनुक होते आणि त्याचा होणारा सेटर त्यातल्याच एकातून येणार होता. कोटेशनमधल्या त्या एका ओळीच्या जागी परचेस ऑर्डरमध्ये सतरा ओळी गेल्या. रिजिड टॅपिंग, मॅक्रो, फोर्थ अ‍ॅक्सिसच्या चारही गोष्टी, अलार्मची इंग्रजी यादी, पासवर्ड नसलेला लॅडर, बॅकअपचं कार्ड. एजंटने पासवर्डची ओळ काढायला सांगितली. मित्राने त्या ओळीपायी ॲडव्हान्स आठ दिवस थांबवला. नवव्या दिवशी तैचुंगहून मेल आला, लॅडर उघडा देतो म्हणून.